एबेरच्या जाकिटातला श्वास

एबेर तूर्नच्या डाव्या काखेत थर्मास नसेल, तर हाक मारण्याआधी लोक त्याच्याकडे पुन्हा एकदा निरखून बघत. बाजारात, चर्चमध्ये, अगदी मुलीच्या लग्नातही तो थर्मास तिथेच होता. उजव्या हातात भोपळ्याचं छोटं पात्र, त्यात येर्बा या कडवट पेयाच्या पानांची हिरवी भुकटी, तीत रोवलेली धातूची नळी. खांदा किंचित झुकवला की गरम पाण्याची धार बरोबर पात्रात पडायची आणि बोलणं मध्ये तुटत नसे. हुआन लाकासे गावाच्या धक्क्यावर सगळेच असे पितात. पण एबेरची काख जन्मापासून त्याच आकाराची आहे, असं त्याची बायको निबिया म्हणायची.

एबेरची उमेदीची सगळी वर्षं कागदाच्या गिरणीत गेली. एका टोकाने ओला लगदा आत जातो आणि दुसऱ्या टोकाने कोरडा, पांढरा कागद बाहेर येतो, याचं त्याला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. त्या मशीनच्या आवाजाने त्याचा उजवा कान गेला. मग गिरणी बंद झाली. पट्टे थांबले, कधी नव्हे ती शांतता पसरली आणि सगळे कामगार फाटकाकडे निघाले. एबेर मात्र मशीनपाशीच उभा राहिला, हनुवटी वर करून, छताकडे बघत, डोळ्यांतलं खाली ओघळू नये म्हणून. शेजारच्या मशीनवरच्या विल्मारने ते पाहिलं. त्याने एबेरचा दंड धरला आणि त्याला बाहेर आणलं. त्या गोष्टीबद्दल पुढे दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत.

विल्मारने मग धक्क्यावर छोटं दुकान टाकलं. दोर, रंग, गळ, शिडाच्या सुया, होडीला लागेल ते सगळं. एबेरने एक जुनी लाकडी शिडाची होडी घेतली, हिवाळाभर खरवडली, पुढच्या हिवाळ्यात रंगवली. तिचं नाव निबियाने ठेवलं, 'ला तेर्का', म्हणजे हट्टी बाई. मालकाचंच नाव द्यायचं होतं, पण होडी पडली बाईमाणूस, असं ती शेजारणींना सांगे. ती स्वतः मात्र होडीत कधी बसली नाही. तिला पोहता येत नव्हतं, आणि समुद्राएवढ्या रुंद, तपकिरी नदीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. एबेर रविवारी पाण्यावर गेला की ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून मटार सोले, लोकर विणे, आणि ते पांढरं शीड नजरेआड झालं की हातातलं काम मांडीवर ठेवून देई.

गेल्या वर्षी एबेरला घराच्या पायरीवर चक्कर आली. त्यांची मुलगी नोएमी माँटेव्हिडिओला इस्पितळात परिचारिका आहे. ती पुढच्या शनिवारीच आली, ते जाकीट घेऊन. जुनी नारिंगी, गादीसारखी लाइफ जॅकेटं एबेर कधीच घालत नसे. त्यांत हात हलत नाहीत अशी त्याची तक्रार. हे वेगळं होतं. गळ्यातून दोन रुंद पट्टे पुढे यावेत एवढंच त्याचं रूप. त्या पट्ट्यांच्या घडीत एक पिवळा फुगा होता, आणि अंगठ्याहून थोडं जाड, गॅसने भरलेलं लोखंडी नळकांडं. त्याच्या तोंडाशी एक गोळी. गोळी पाण्याने विरघळली की आतली स्प्रिंग सुटते, सुई नळकांड्याला भोसकते आणि फुगा आपोआप भरतो.

"बेशुद्ध असलास तरी तुझं तोंड वर राहील," नोएमी म्हणाली. "हे अंगावर असेल तर एकटा जा, बाबा. नसेल तर होडी विकायची."

एबेरने मुकाट्याने जाकीट अंगावर चढवलं. जो कान गेला होता त्या बाजूने ती बोलत होती, तरी 'होडी विकायची' हे त्याला स्वच्छ ऐकू आलं.

होड्यांचा हंगाम सुरू होण्याच्या रविवारी धक्क्यावर सगळे जमतात. निखाऱ्यांवर मांस लागतं, बायका सॅलडची पातेली घेऊन येतात, होड्यांना रंगीत पताका लागतात. एबेर जाकीट घालून आला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ते दाखवत फिरला. काखेत थर्मास होताच. थर्मासाचं बूच सैल झालेलं होतं, हे निबिया त्याला आठवडाभर सांगत होती. तो बोलत होता, पीत होता, आणि गरम पाणी थेंबाथेंबाने पट्ट्याच्या घडीत, बरोबर त्या गोळीवर झिरपत होतं. विल्मारला तो यंत्राची रचना समजावून सांगत असतानाच काहीतरी 'ठाप' वाजलं, फुस्स आवाज झाला आणि एबेरच्या गळ्याभोवती पिवळा फुगा टम्म फुगला. थर्मास खाली पडला. टोपी मागे गेली. हनुवटी आभाळाकडे, हात दोन्हीकडे पसरलेले.

धक्का हसून लोटपोट झाला. एबेरही हसला असता. पण विल्मारची जीभ थांबेना.

"पाहा रे, पाहा, बेडूक झाला आपला एबेर," तो म्हणाला. लोक हसतायत म्हटल्यावर त्याला आणखी जोर चढला. "आणि हे नवीन नाही बरं का. गिरणी बंद झाली तेव्हाही हा असाच उभा होता, तोंड वर करून."

हसणारे निम्मे गप्प झाले. त्यांच्यातले बरेच जण त्या दिवशी फाटकाकडे गेले होते. विल्मारच्याही लक्षात आलं, पण सुटलेला शब्द आता कसा परत घेणार. एबेरने फुग्याची झडप दाबून हवा सोडली, थर्मास उचलला आणि न जेवता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने जाकिटाची घडी घातली. नळकांडं रिकामं झालं होतं, त्याच्या तोंडाला सुईचं भोक पडलं होतं. नवं नळकांडं आणि नवी गोळी घालायला हवी होती. त्या पट्ट्यात एक इवलीशी खिडकी असते. सगळं ठीक असलं की तिच्यात हिरवं दिसतं, नाहीतर तांबडं. तिच्यात आता तांबडं दिसत होतं. पण असलं सामान गावात एकाच ठिकाणी मिळे, आणि त्या दुकानाच्या फळीमागे विल्मार उभा असे. एबेरने खिडकीची बाजू आतल्या अंगाला वळवली, घडी दाबून बंद केली आणि जाकीट खिळ्याला अडकवलं.

त्यानंतर प्रत्येक रविवारी तो ते मेलेलं जाकीट घालून पाण्यावर जाऊ लागला. संध्याकाळी नोएमीचा फोन येई, जाकीट घातलं होतंस का. घातलं होतं, असं तो सांगे, आणि ते खरंही होतं. पहिले काही दिवस रिसिव्हर खाली ठेवल्यावर त्याला चोरट्यासारखं वाटे. मग सवय झाली. आपली नदी किती उथळ, वाळूचे पट्टे कुठे नाहीत, पडलो तर उभं राहू, असं धक्क्यावरचा प्रत्येक माणूस म्हणतो. एबेरही स्वतःला तेच सांगे. खोल पाणी नेमकं कुठे आहे, हेही त्याला ठाऊक होतं. तिथून जाताना तो सुकाणू जरा घट्ट धरायचा.

विल्मारशी बोलणं बंदच होतं. विल्मार दुकानाच्या दारातून हात वर करायचा, एबेर दोरांकडे बघत पुढे जायचा. 'बेडूक' हे नाव मात्र धक्क्यावर त्याला चिकटलं. पोरंसोरंही ते वापरू लागली.

मार्चमध्ये नोएमीने त्याला डोळे दाखवायला माँटेव्हिडिओला बोलावलं. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा जाकीट खिळ्यावर नव्हतं. खांदे पसरून, हँगरवर, ओसरीच्या सावलीत ते वाळत होतं.

"चिखलाचा वास येत होता त्याला," निबिया म्हणाली. "स्वच्छ पाण्यातून काढलं. असं ओलं कोंबून ठेवू नये म्हणे."

एबेर जाकिटाजवळ जाता जाता थांबला. हिने घडी उघडली का? खिडकी पाहिली का? पण निबिया कढईतल्या पुऱ्या उलटत होती, तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फळीवरची संत्र्याच्या मुरंब्याची एक बरणी कमी होती. कुणाला दिली ते त्याने विचारलं नाही. घडीच्या आत बघायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

त्या रविवारी मात्र ती दारापर्यंत आली. स्वेटरच्या आतून जाकीट घालतोस ते चालायचं नाही, वरून घाल, म्हणाली. आत फुगलं तर बरगड्या मोडतील. मग खाली लोंबणारा पट्टा हातात घेऊन उभी राहिली.

"हा मांड्यांमधून घेऊन पुढे लाव."

"त्याची काही गरज नसते गं. लंगोट घातल्यासारखं वाटतं."

"मग वाटू दे. नाहीतर पाण्यात जाकीट वर जाईल आणि तू खालून निसटशील."

हे हिला कुणी सांगितलं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण वारा चांगला होता, वाद घालण्यात तो गेला असता. त्याने पट्टा लावला. दर रविवारी ती दारात यायची, आणि दर रविवारी तो कुरकुरत पट्टा लावायचा.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी, त्या खोल पाण्यावरच, वारा पडला. शीड सैल झालं. एबेरने सुकाणू गुडघ्यांमध्ये धरलं आणि येर्बाचं पात्र भरायला घेतलं. तेवढ्यात दक्षिणेकडून झोत आला. 'ला तेर्का' अंग टाकल्यासारखी कलली. थर्मास काखेतून सुटला, फळीवरून गडगडत कडेला गेला, आणि एबेर त्याच्या मागे गेला. बुद्धीने विचार करायला वेळ मिळाला असता तर गेला नसता. पण ती काख होती.

पाणी गार होतं आणि आत काहीच दिसत नव्हतं. पाय खाली सोडले तर खाली काही लागेना. डोकं वर आलं तेव्हा होडी शीड भरून त्याच्यापासून दूर चालली होती. स्वेटर जड झाला, बूट जड झाले. त्याला एकच गोष्ट आठवली, छातीवरचं रिकामं नळकांडं. आपण इतके महिने हे मरण गळ्यात घालून फिरलो आणि मुलीला फोनवर हो म्हणत राहिलो. फुग्याला तोंडाने हवा भरायची एक नळी असते. ती शोधायला त्याची बोटं पट्ट्यावरून धावली, तेवढ्यात डोक्यावरून लाट गेली आणि नाकातोंडात पाणी शिरलं.

मग 'ठाप' असा आवाज झाला.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. गळ्याभोवती काहीतरी फुगलं, हनुवटीखाली घट्ट बसलं आणि कुणीतरी बगलेत हात घालून उचलावं तसा तो वर आला. मांड्यांमधला पट्टा ताणला गेला आणि त्याने धरून ठेवलं. एबेर पाठीवर आडवा झाला. तोंड आभाळाकडे, हात दोन्हीकडे पसरलेले. बेडूकच. तो खोकला, रडला, पुन्हा खोकला. रिकामं नळकांडं कधी भरत नाही. हे कुणीतरी बदललं होतं.

श्वास जागेवर आल्यावर त्याने खांद्याजवळची शिट्टी चाचपून काढली आणि वाजवली.

फट्‌फट्‌ करत जी छोटी होडी आली ती विल्मारची होती. त्याने इंजिन बंद केलं, दोराची शिडी खाली सोडली आणि एबेरला जाकिटाच्या मानेकडच्या पट्ट्याला धरून आत ओढलं. बराच वेळ दोघंही नुसते धापा टाकत होते. एबेरच्या अंगावर त्याने आपला कोट टाकला.

"थर्मास?" विल्मारने विचारलं.

"गेला."

"त्याच्यासाठीच उडी मारलीस ना? दुर्बिणीतून पाहिलं मी. अरे, मासासुद्धा गळाला लागायच्या आधी दोन मिनिटं विचार करतो."

"तू दुर्बीण लावून बसतोस?"

विल्मार इंजिनाची दोरी गुंडाळू लागला. "रविवारी गिऱ्हाईक कमी असतं," तो म्हणाला.

एबेरने छातीवरच्या फुगलेल्या पिवळ्या कापडावर हात ठेवला. "विल्मार, हे रिकामं होतं. हंगामाच्या पहिल्या रविवारपासून."

"ठाऊक आहे. तुझ्या मापाचं नळकांडं मी दुसऱ्याच दिवशी मागवलं होतं. म्हटलं, येईल, शिव्या देईल, घेऊन जाईल." त्याने दोरी हातात घट्ट पिळली. "तू आला नाहीस. तुझ्याशिवाय ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. रोज गल्ल्यामागे दिसायचं. तू पुढून जायचास ते घालून, आणि मला माहीत असायचं."

बाकीचं त्याने तुटक तुटक सांगितलं. एबेर माँटेव्हिडिओला गेल्याचं कळल्यावर तो नळकांडं खिशात घालून निबियाकडे गेला. आधी तिने त्याला दारातच उभं केलं. त्या रविवारचं जे काही पोटात साठलं होतं ते सगळं सुनावलं, आणि मग आत घेतलं. नळकांडं भरलेलं आहे की नाही ते त्याच्या वजनावरून कळतं, म्हणून तिच्या पिठाच्या तराजूत ते तोललं. वर कोरलेल्या आकड्याशी वजन जुळलं. जुनं काढायच्या आधी फुगा कुठे गळत नाही ना हे बघायला हवं होतं. तो नळीतून तोंडाने फुगवायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी तितकाच टणक राहिला पाहिजे. विल्मारने फुंकायला घेतलं, पण सिगारेटींनी त्याची छाती कधीच गेली होती. चार फुंकांत तो टेबलाला धरून बसला.

"मग निबियाने फुगवला," विल्मार म्हणाला. "एका दमात नाही, पण सोडला नाही. तोंड लाल झालं बिचारीचं. रात्रभर टेबलाखाली ठेवला होता. सकाळी मी गेलो तर दगडासारखा होता. तिचा श्वास जराही हलला नव्हता त्यातून. मग हवा सोडून नवं नळकांडं आणि नवी गोळी बसवली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तीच नको म्हणाली. त्याला कळलं तर हट्टाने काढून टाकेल, म्हणाली. मग मी पट्ट्याचं सांगितलं, स्वेटरचं सांगितलं. मुरंबा मिळाला बदल्यात." त्याने इंजिन सुरू केलं आणि तोंड पलीकडे वळवलं. त्या आवाजात, एबेरच्या चांगल्या कानाच्या बाजूला, तो पुढे जे बोलला ते गिरणीबद्दल होतं. त्या दिवशी मीही रडलो असतो, म्हणाला, तुला बाहेर काढायचं काम होतं म्हणून राहून गेलं.

 एबेरने फुग्यामुळे पसरलेल्या हातांपैकी एक उचलून विल्मारच्या पाठीवर ठेवला आणि धक्का येईपर्यंत तसाच ठेवला. वाटेत वाळूच्या पट्ट्यावर 'ला तेर्का' नाक खुपसून उभी होती, शीड फडफडवत. तिला त्यांनी दोराने मागे बांधून घेतलं.

निबियाने खिडकीतून शीड उलट्या वाऱ्याला फडफडताना पाहिलं होतं. धक्क्यावर ती एप्रन न काढता आली होती. एबेर फुगलेल्या जाकिटासकट उतरला तेव्हा तिने आधी जाकिटाला हात लावला, मग त्याच्या गालाला.

"पट्टा लावला होतास?"

"लावला होता."

ती रागावली नाही. तिने हात एप्रनमध्ये गुंडाळून घेतले.

त्याच संध्याकाळी एबेरने नोएमीला स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं, थर्मासापासून.  होडी विकायची का, असं शेवटी त्यानेच विचारलं. ती म्हणाली, होडी राहू दे, पण एकटं जायचं नाही. एबेरला जे वर्षभर ऐकायचं नव्हतं ते आता ऐकताना एवढं जड गेलं नाही. कोणाला न्यायचं हे त्याच्या मनात ठरलेलंच होतं, फक्त तो माणूस वाटभर बडबड करणार होता.

सोमवारी धक्क्यावर बरीच माणसं असताना तो दुकानात गेला. काखेत काही नव्हतं. दोघातिघांनी वळून पाहिलं. फळीवर हात ठेवून त्याने एक नळकांडं आणि एक गोळी मागितली.

"कुणासाठी?" विल्मारने विचारलं, आणि सवयीने तोंडात येणारा शब्द गिळला.

"बेडकासाठी," एबेर म्हणाला.

विल्मारने मान खाली घालून सामान कागदात बांधलं. बांधताना त्याला जरा वेळ लागला.

घरी एबेरने जाकीट स्वच्छ पाण्यातून काढलं, ओसरीत वाळवलं, आणि वाळल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर उलगडलं. नळी तोंडात धरून तो फुंकू लागला. थांबत थांबत, पण नेटाने. फुगा भरला, पिवळा, टणक, टेबल व्यापून. हवा कुठून निसटत असेल तर बारीक सूं ऐकू येतं. त्याच्या उरलेल्या एका कानाला ते ऐकू आलं नसतं. म्हणून निबियाने पुऱ्यांचं पीठ लागलेले हात मागे घेतले, खाली वाकली आणि फुग्यावर कान टेकवला. एबेर श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिला.

"धरून आहे," ती म्हणाली.